कोपऱ्यातली गादी

भाईंदरच्या त्या फ्लॅटचा हॉल मुळातच वाकडा. एक भिंत तिरपी, मागे एक रिकामा कोपरा. नवे स्पीकर बसवायला आलेला माणूस सकाळपासून घामाघूम झाला होता. शेवटी त्याने त्या कोपऱ्यात उभं राहून टाळ्या वाजवून पाहिल्या आणि हळूच जितेंद्रला हिंदीत काहीतरी सांगितलं. जितेंद्रची आई, मृणालिनीबाई, तेव्हा आत त्याच माणसासाठी चहा टाकत होती.

चहा घेऊन ती बाहेर येते तर काय, जितेंद्र तिची गादी उचलून आणतोय! बाथरूमजवळच्या बोळातली, तिची रोजची झोपायची, गिरगावातून आणलेली, सुनेने दोनदा टाकून द्यायला काढलेली ती जाडजूड कापसाची गादी. त्याने ती स्वतःच्या हाताने कोपऱ्यात अंथरली.

“आई, आजपासून तू इथे झोपायचंस.”

बाईचे डोळे भरून आले. दुपारी तिने बहिणीला फोन लावला. “काही म्हण, पोटचा पोर तो पोटचाच. हॉलमध्ये आणलं गं मला!”

संध्याकाळी जितेंद्रचे मित्र पिक्चर बघायला जमले. बाई ठेवणीतली साडी नेसून गादीवर बसली होती. जितेंद्र जवळ आला.

“आई, तू आत जा आता.”

ती उठली आणि गादी गुंडाळायला वाकली.

“ती राहू दे,” तो म्हणाला. “ती काढली की आवाज घुमतो.”