मायची कोण

आमच्या धम्मरत्नचं लग्न झालं त्या साली त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बायकोला, रुखमाबाईला, छातीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा दोष लेकींच्या रक्तात उतरू शकतो, दोघींची जीन तपासणी करा.

धाकटी मोनाली हुबेहूब आईसारखी दिसते, म्हणून दोष तिच्यातच असणार असं सगळ्यांनी धरलं. आमच्या दारव्ह्याच्या शेजारणी तिला पाहून डोळ्याला पदर लावायच्या. थोरली शीला माझ्यावर गेलेली. ती मोनालीला झाडूही हाती घेऊ देईना.

रिपोर्ट आला. मोनालीला काही नव्हतं. दोष शीलाच्या रक्तात निघाला.

मोनालीनं भोकाड पसरलं, "म्हंजे मी मायची नाही काय?"

शीला रडता रडता हसली. "जलमभर मले बाबाची बाबाची म्हणून चिडवलं नं? पाहा आता, मीच मायची आहो."

रुखमाबाईनं तिला जवळ ओढलं. "माहा रंग घ्याचा, नाक घ्याचं. एवढं सोडून हेच काहून उचललं वं पोरी?"

कॅन्सर व्हायच्या आधीच शीलानं छातीचं ऑपरेशन करून घेतलं. ती बरी आहे. रुखमाबाई पुढच्या बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली.