अंधारातली कानपिळी

अस्माच्या दुकानात हल्ली लोक जुन्या, अंधाऱ्या व्हिडिओ टेपा उजळून घ्यायला येत. आज हेमलताबाई आणि दत्ताराम आपल्या लग्नाची टेप घेऊन आले होते. लाजाहोमाला वीज गेली होती आणि ओल्या समिधांचा नुसता धूर झाला होता. त्या काळोखात नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा कुणी चुलतभाऊ पुढे झाला, असं सगळे धरून चालले होते.

"काळ्या चौकटीतही चिमूटभर उजेड असतो, काकू," अस्मा म्हणाली. "हजारो चौकटींतला उजेड गोळा करून यंत्र एक चित्र करतं. जो हलला तो पुसट येतो, जो स्थिर राहिला तो स्पष्ट."

पडद्यावर मांडव उजळला. भटजी पुसट होते, वऱ्हाडी म्हणजे नुसतं धुकं. मागे खांबाला टेकलेला एकच माणूस लख्ख दिसत होता.

"पुंडलिकदादा!" हेमलताबाई पडद्याजवळ सरकल्या. या लग्नाच्या मांडवात पाय ठेवणार नाही म्हणालेला त्यांचा सख्खा भाऊ. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

पुढच्या चित्रात पुंडलिकच्या चिमटीत दत्तारामचा कान होता.

"तरीच!" दत्ताराम म्हणाले. "चुलतभाऊ इतका जोरात पिळेल होय?"

हेमलताबाई डोळे पुसत हसल्या. "आणि कानपिळीचे मानाचे कपडे न घेताच गेला वेडा. चला, वाटेत सदरा घेऊ नि त्याच्याकडेच जाऊ. पण दादाचं माप आता काय असेल हो?"

"मोठाच घे," दत्ताराम कान चोळत म्हणाले. "हात चांगला भक्कम होता."