मृत्यूची खूण

२००९ साल. वृद्धांना औषधं पुरवणाऱ्या कार्यालयात मोठ्या बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि विचारलं, "या मेलेल्या माणसाला परत परत जिवंत कोण करतंय?"

समोर यंत्रं सांभाळणारी उभी होती. सगळे तिला 'सफाई खातं' म्हणत. पाच केंद्रांवर पाच यंत्रं होती आणि प्रत्येकात साऱ्या वृद्धांच्या नोंदी. कुणी वारलं की नोंद नुसती पुसून चालत नसे. तिच्या जागी मृत्यूची खूण ठेवावी लागे, म्हणजे बाकीच्या यंत्रांनाही कळे. अशा खुणा साठून मेमरी भरली की यंत्रं धापा टाकत. मग ही जुन्या खुणा झाडून काढी.

"खूण झाडून होईपर्यंत एखादं यंत्र बंदच राहिलं, तर माणूस गेल्याचं त्याला कळतच नाही," ती म्हणाली. "सुरू झालं की ते जुनी नोंद सगळ्यांना वाटत सुटतं."

"म्हणजे चूक तुझी."

"एकदा झालं तर माझी, बाई. हा दर महिन्याला उठतोय."

"मग तूच उठवत असशील. शुक्रवारपर्यंत माणूस शोध, नाहीतर दुसरी नोकरी शोध."

यंत्रखोलीत नावं दिसत नसत, नुसते क्रमांक. बाईंनी तो लांबलचक क्रमांक एका दमात सांगितला. मग आवाज जरा मऊ झाला. "मला काय ओरडायची हौस आहे? माझे वडील गेले, तेव्हासुद्धा मी दुसऱ्या दिवशी इथं हजर होते."

यंत्रखोलीत परतून तिनं सफाई थांबवली. मेमरी गळ्याशी आली, यंत्रं रेंगाळली, औषधाच्या खिडक्यांवर आरडाओरडा झाला. तरी तो क्रमांक पुन्हा जिवंत झालाच, आणि तोही पाचही यंत्रं सुरू असताना. म्हणजे हे यंत्राचं काम नव्हतं. त्या दिवसापासून तिला जो तो चोर दिसू लागला. शेजारची हसली तरी ती वळून बघे.

माग काढत ती पोचली ती तळमजल्यावरच्या औषधाच्या खिडकीशी.

"काका, तुम्ही?"

"मग काय करू, पोरी?" खिडकीवरचे काका म्हणाले. "माणूस समोर उभा राहून हृदयाच्या गोळ्या मागतोय. त्याला सांगू, आजोबा, माफ करा, तुम्ही वारलात? दिली नोंद पुन्हा भरून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे म्हणाला असता, म्हातारा चळला."

ती जिन्यातच थांबली. इतके दिवस ती भलत्याच माणसाला शोधत होती. माणूस जिवंत असेल, तर त्याला दर महिन्याला मारतंय कोण?

त्या क्रमांकावरच्या खुणा कुठून ठेवल्या जातात ते तिनं पाहिलं. सगळ्या एकाच खोलीतून. मोठ्या बाईंच्या.

शुक्रवारी तिनं ते वरच्या साहेबांपुढे ठेवलं. बाई एवढंच म्हणाल्या, "नजरचूक झाली."

बाईंची बदली झाली. पुढे त्या कुणाला भेटल्या नाहीत. काका निवृत्त झाले आणि नातवंडांत रमले. 'सफाई खातं' त्याच कार्यालयात प्रमुख झालं, नाव मात्र तेच राहिलं. आजोबा आणखी सहा वर्षं गोळ्या न्यायला येत होते.

एकदा तिनं त्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, कोण करतंय ते? मग तक्रार का नाही केलीत?"

आजोबांनी गोळ्या खिशात ठेवल्या. "पोटच्या पोरीची?"