पुसलेली वाट

मंगोलियातल्या भाड्याच्या गाड्यांच्या दुकानात रघुवीर चौबळांनी दोन्ही जीपीएस हातात घेऊन पाहिले. पहिल्यात फक्त डांबरी रस्ते होते. दुसऱ्यात वाळवंटातल्या कच्च्या वाटाही होत्या, पण आपल्या कुरणातली वाट नकाशावरून केव्हाही पुसायचा हक्क आता तिथल्या प्रत्येक मेंढपाळ कुटुंबाला होता.

"पहिलाच घेऊ," रघुवीर म्हणाले.

"मग वाळवंटातलं ते तळं बघायचं राहिलंच," त्यांची बायको मीनल म्हणाली. त्यांनी दुसरा घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, वाटेवरच्या एका कुटुंबाची विहीर जेमतेम दोन किलोमीटरवर असताना, पडद्यावरची वाट पुसली गेली. विहिरीपुढची, तळ्याकडची वाट तर आधीपासूनच पुसलेली होती. यंत्रातून एका बाईचे बोलणे मराठीत भाषांतर होऊन ऐकू आले, "घरात सासरे वारलेत. आज कोणी येऊ नका."

"चाकोरी तर समोर दिसतेय," रघुवीर म्हणाले. "पाणी पाचच लिटर उरलंय. गुपचूप भरून निघू."

"नको म्हणाल्या ना त्या?" मीनलने गाडीची चावी काढून घेतली. त्यांनी तिथेच तंबू ठोकला आणि घोट घोट पाणी पुरवले.

सकाळी वाट परत उमटली. ती विहिरीपाशी थांबली नाही. पुढच्या नऊ कुटुंबांची कुरणे ओलांडत ती थेट तळ्यापर्यंत गेली होती.

"या लोकांना तर आपण विचारलंही नव्हतं," रघुवीर यंत्राकडे बघत म्हणाले.

"तुमचा तंबू इथून दिसत होता. तुम्ही थांबलात, ते मी सगळ्यांना सांगितलं," कालचाच आवाज म्हणाला. "पण आधी विहिरीवर या. पाणी संपलं असेल तुमचं."