पोटातला श्रोता

मोहिनीला सातवा लागला तसे घरात गर्भसंस्कार सुरू झाले. सकाळी सासरे वासुदेवराव पोथी घेऊन समोर बसत आणि तिच्या पोटाला ठणकावून सांगत, "बाळा, ऐकून राह्यला ना? तुले ब्रह्मदेवानं घडवलं हाये. मानूस माकडापासून झाला, हे तुह्या बापाचं खूळ हाये." संध्याकाळी त्याच खुर्चीत तिचा नवरा कैलास बसे. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. "बेटा, आबाच्या नादी लागू नको. दीड महिन्याचा होता तवा तुलेही शेपटी होती." मोहिनीशी दोघांनाही काही बोलायचं नसे, ती म्हणजे नुसती मधली भिंत. बाळानं लाथ मारली की ज्याची पाळी चालू असेल तो टाळी वाजवून म्हणे, "पाहा, पटलं त्याले!"

आठव्यात एक दिवस बापलेक एकाच वेळी समोर बसले आणि असे कडाडून भांडले, की बाळाची हालचालच थांबली. भांडण तसंच टाकून त्यांनी मोहिनीला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरून मशीन फिरवलं आणि त्या हसल्या. "बाळ ठणठणीत आहे. हे बघा."

पडद्यावर बाळ दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून बसलं होतं.

वासुदेवरावांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ जाऊन पाहिलं आणि हात जोडले.

"कैलास," ते गहिवरून म्हणाले, "तुहंच खरं होतं रे. हे तं सेवाग्रामातलं बापूजींचं माकड हाये!"