सगुणाबाईची हुडहुडी

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी गळून पडो.

सगुणाबाई आणि द्वारकाबाई हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या शेजारणी. दोघींच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ, दोघींना इंटरफेरॉनचंच इंजेक्शन. ते घेतलं की द्वारकाबाईला अशी हुडहुडी भरायची, की तिची खाट चालत दारापर्यंत जायची. सगुणाबाईला साधी शिंकसुद्धा नाही.

"ताप आला म्हणजे औषध लागू पडतंय," द्वारकाबाई ब्लँकेटमधून ऐटीत सांगायची. सगुणाबाईचा नुसता जळफळाट. ही मेली बरी होणार आणि आपली गाठ तशीच राहणार.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "तापाचा आणि गुणाचा संबंध नसतो. सगुणाबाई, तुमची गाठ आकसलीय. द्वारकाबाईंची आहे तेवढीच आहे."

द्वारकाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ताटाला हात लावेना.

पुढच्या इंजेक्शननंतर सगुणाबाईचे दात कडाकडा वाजायला लागले. द्वारकाबाई उठून बसली. "बघ, तुझा ताप आत दबला होता. म्हणजे तापानंच गुण येतो. माझीही आकसेल." तिनं आपलं ब्लँकेट सगुणाबाईवर टाकलं आणि जेवणाचं ताट ओढलं.

ती हुडहुडी तेवढी खोटी. पण ती मी नाही, सगुणाबाईनं रचली.