झाकणाची कडी

वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून मुलाने गरम पाण्याचा मोठा टब घेतला, आणि तो पेलणारा डेक मागच्या अंगणात बांधायला मला बोलावलं. भरलेला टब दोन टनांचा, म्हणून मी खाली नऊ खांब घेतले. सुतारकामात जन्म गेला माझा, पण बापावर एवढा जीव टाकणारा मुलगा पाहिला नव्हता.

"टबाला जाड फळ्यांचं झाकण करा," तो म्हणाला. "आणि वरून भक्कम कडी. घरात लहान मुलं आहेत हो, डोळा चुकवून पाण्यात उतरायची."

मला पटलं. कडी लावून मी स्वतः दोनदा ओढून बघितली, जरा हलली नाही.

शेवटच्या दिवशी मी हत्यारं आवरत होतो. मुलाने टबात पाणी सोडलं होतं. म्हातारबाबा खांद्यावर टॉवेल टाकून तयारच बसले होते.

"आजोबा, नातवंडं एकदाही दिसली नाहीत. शाळेतून उशिरा येतात का?"

ते खळखळून हसले.


"कसली नातवंडं! या घरात अजून पाळणा हललाय कुठे?"